दीपा मॅडमची खुर्ची

"उस कुर्सी पर मत बैठिए, मैडम."

नववी 'ब'मधल्या एका मुलीने मला पहिल्याच दिवशी बजावलं. मी बसले नाही. मला तसंही उभं राहूनच शिकवायची सवय आहे.

मी गणित शिकवते, पण कुठल्या एका शाळेत नाही. एखादी शिक्षिका लांब रजेवर गेली की तिच्या जागी तेवढ्यापुरतं मला बोलावतात. याला 'लीव्ह व्हेकन्सी' म्हणतात. नागपूरहून रायपूरला आल्यापासून हेच करते आहे. ही शाळा उरला औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावरची, बरीचशी मुलं तिथल्या कारखान्यांतल्या कामगारांची. गणिताच्या दीपा मॅडम बाळंतपणाच्या रजेवर होत्या. माझ्याआधी आलेल्या दोघी टिकल्या नव्हत्या. का, ते लवकरच कळलं.

"समझ में आया?" मी विचारायची.

"हव!" अख्खा वर्ग एका सुरात. छत्तीसगढीत हव म्हणजे हो.

"नहीं आया?"

"हव!"

"तो मैं घर जाऊँ?"

"हव!" हा सगळ्यात मोठा.

गंमत अशी की वह्या तपासल्या तर गणितं बरोबर. म्हणजे ऐकत होती कार्टी.

एकदा फळ्याकडे तोंड करून मी पुटपुटले, "काहून रे पोट्टे हो, जीव घेऊन राहिले माझा?" मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. वळून पाहिलं तर तीच, खुर्चीवाली. खुशी वानखेडे. तिच्या पाठोपाठ सगळेच हसले, आणि नेमके कोऑर्डिनेटर सर दारात.

"किसने शुरू किया?"

मग खुशी उठली. "मैंने."

"मैडम से सॉरी बोलो."

"नहीं बोलूँगी."

झालं. सस्पेन्शन, आणि वडिलांना फोन. ते शिफ्ट अर्धी टाकून आले, शर्टावर कारखान्याची धूळ तशीच. मी मराठी आहे म्हटल्यावर माझ्याकडेच वळले. "मॅडम, हे अशीच करून राहिली तं मी हिले अभनपूरले आत्याकडे धाडतो. शाळा बंद. पुन्हा पुन्हा ड्यूटी सोडता येत नाही मले." आवाजात राग कमी, थकवा जास्त होता.

ते प्रिन्सिपॉलसरांकडे आत गेले. खुशी बाहेर बाकावर बसली होती. मी तिच्या शेजारी बसले.

"मराठी येते नं तुले?"

"समझती हूँ. बोलना नहीं आता."

"मग समजून घे. मले राग नाही आला. पण हे काहून चाललंय, ते सांग."

ती बुटांकडे बघत म्हणाली, "आप अच्छा पढ़ाती हैं."

"मग?"

"इसीलिए."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आदल्या वर्षी विज्ञानाच्या मॅडम अशाच रजेवर गेल्या होत्या. बदलीवाली छान शिकवायची, पगारही कमी घ्यायची. शाळेने तिलाच ठेवून घेतलं. जुन्या मॅडम बाळाला घेऊन नुसत्या भेटायला आल्या, त्या शेवटच्या. म्हणून नववी 'ब'ने ठरवलं होतं, दीपा मॅडमच्या जागी कोणालाही टिकू द्यायचं नाही.

मुलं काहीही डोक्यात घेतात, असं मला वाटलं. पण वडील बाहेर आल्यावर मी आत गेले, तर प्रिन्सिपॉलसर म्हणाले, "बैठिए. मैं सोच रहा था, आप ही कंटिन्यू क्यों नहीं करतीं? दीपा जी का तो अब छोटा बच्चा है."

म्हणजे मुलांचा हिशेब बरोबर होता. याही वेळी.

मी हिंदीत सांगितलं, "सर, मी दीपा मॅडम येईपर्यंतच शिकवीन. बाळंतपणापायी बाईला घरी बसवता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. सस्पेन्शन मागे घ्या. आणि त्या परत येणार आहेत, हे वर्गात येऊन तुम्ही स्वतः सांगा. नाहीतर मी उद्यापासून येत नाही." परीक्षा तोंडावर होती. गणिताला चौथी बाई इतक्या लवकर मिळाली नसती. ते थोडे कुरकुरले, पण सस्पेन्शन रद्द करून माझ्याबरोबर वर्गाकडे निघाले.

वर्गात त्यांनी सांगितलं. वर्गाने विश्वास ठेवला नाही. मग मी शिपाईभैयाकडून एक प्लास्टिकचं स्टूल मागवलं आणि खुर्चीच्या बाजूला ठेवलं. "ये मेरा. वो उनकी. अब पन्ना खोलो."

त्या दिवशी हव कमी झाले. हळूहळू जिथे हवे तिथेच येऊ लागले. खुशीने सॉरी म्हटलं नाही, पण रोज स्टूल पुसून ठेवायची.

दीपा मॅडम आल्या त्या दिवशी धडे कुठवर झाले ते मी त्यांना सांगितलं, पर्स उचलली आणि दारातून सवयीने विचारलं, "तो मैं घर जाऊँ?"

कोणीच हव म्हणालं नाही. खुशी तेवढी म्हणाली, "धूप बहुत है मैडम. थोड़ा रुक के जाइए."

मी गेले, दुसऱ्या शाळेत जॉईन व्हायचं होतं.

तेव्हापासून नवीन शाळेत शिस्तीचे नियम विचारण्याआधी मी दोन गोष्टी विचारते. जिच्या जागी मी आले ती परत येणार आहे का? आणि मुलांना ते कोणी सांगितलंय का?