राक्षसाचा दात आणायला गेलो, कांदे घेऊन आलो

सुजातानं विचारलं नसतं तर ही भटकंती घडलीच नसती. मी दौंडला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. बारावीला उत्क्रांतीचा धडा घेताना नेहमीसारखी जिराफ, माकड, जीवाश्म अशी गाडी सुसाट सोडली होती, तेवढ्यात पहिल्या बाकावरची सुजाता उभी राहिली. "मॅडम, ह्यातलं तुम्ही स्वतः काय बघितलंय? आमचे पप्पा म्हणतात, तपासल्याशिवाय काही मानायचं नाही." बारा वर्षं शिकवतेय, पण हे कुणी विचारलं नव्हतं. सोमवारी पुरावा आणते, असं बोलून बसले. तो शुक्रवार होता.

मग आठवले कवठे येमाईचे मामा, म्हणजे माझ्या नवऱ्याचे, विलासचे मामा. ओढ्याच्या गाळात राक्षसाचा दात सापडलाय, असं ते एका लग्नात सांगत होते. घोड नदीच्या खोऱ्यात जुन्या जनावरांची दगड झालेली हाडं मिळतात, हे मी वाचलं होतं. वर्गात टेबलावर खराखुरा दात! मी तर हवेतच.

रविवारी सकाळी विलासनं रेल्वेतली हक्काची सुट्टी माझ्यावर उधळून मोटारसायकल काढली. पाटस, चौफुला, तिथून उजवीकडे. पारगावला भीमा ओलांडली की दोन्ही अंगांना ऊसच ऊस. न्हावऱ्यापर्यंत खड्डे चुकवत जायचं, म्हणून कंबरदुखीवाल्यांनी एसटीनं शिरूर गाठावं हे बरं. न्हावऱ्याला गरम भजी खाल्ली, शिरूरला चहा घेतला आणि मलठणमार्गे जेवणाच्या वेळेला कवठ्यात पोचलो. पेट्रोल, भजी धरून दोघांचा जायचा खर्च तीनशेच्या आत.

मामांनी आधी दात दाखवला. भिंतीतल्या देवळीत ठेवलेला, वर हळदकुंकू. हातात घेतला आणि माझं तोंड उतरलं. मधून पोकळ होता. कधीकाळी झाडाच्या मुळीभोवती चुना साठून तयार झालेला तो खडा होता. सांगावं की न सांगावं? शेवटी सांगितलंच. मामांनी खडा डोळ्याला लावून आरपार पाहिलं, मग म्हणाले, "मुळी हाय व्हय? मग कुंकू वाया न्हाई गेलं. झाडालाच लागलं."

पिठलं-भाकरी झकास होती, पण मला गोड लागेना. सुजातासमोर रिकाम्या हातानं उभं राहायचं होतं. मामींनी कांदा आणायला मला चाळीकडे पिटाळलं. चाळ म्हणजे कांदा साठवायची लाकडी पट्ट्यांची लांबलचक खोली. उन्हाळ्यात भरलेला कांदा पावसाळाभर तिथं राहतो. आत उजवीकडचा ढीग टणक, खडखडीत. डावीकडच्याला मोड फुटलेले, वासानं नाक धरावं लागलं. मागून आलेल्या मामांना विचारलं, तर दोन्ही एकाच रानातले, एकाच आठवड्यात काढलेले. उजवीकडचं बी घरचं. ते कमी पडलं म्हणून डावीकडचं बाजारातून आणलेलं.

घरच्या बियाण्यासाठी कांदा कसा निवडता, असं मी विचारलं.

"म्या कुठं निवडतोय? चाळच निवडती. दिवाळीपतुर जो टिकंल, त्यो बियाला लावायचा. बाकीचा आपसूक जातो. माझ्या आज्यापासनं ह्येच चाललंय."

मी तिथंच खाली बसले. दमट हवा कुणाचं तोंड बघून ठरवत नाही. टिकणारे टिकतात, त्यांचीच लेकरं पुढच्या साली रानात उभी राहतात. मी खडूनं जे फळ्यावर लिहीत आले, ते ह्या घरात तीन पिढ्या चाललं होतं.

मग मामांनी, जरा लाजतच, आपली फजिती सांगितली. एका साली भाव चढला. त्यांनी टणक कांदा सगळा विकला आणि कुणी घेईना तो मोड आलेला बियाला लावला. त्या बियाचा कांदा चाळीत गेला, तो गणपतीतच सडायला लागला. चांगलं बी घरातून गेलंच होतं. पण केंदूरला दिलेल्या लेकीला लग्नात त्यांनी तेच बी आंदण दिलं होतं. तिच्याकडून परत आणलं. "पन तिकडं राहून जरा चपटं झालंय," मामा म्हणाले. "सासरचा गुन."

रान बदललं की वाणही बदलत जातो, हेही आयतं मिळालं. मला इतका आनंद झाला की मी मामांच्या पाया पडले. परतताना मांडीवर दोन्ही ढिगांतल्या कांद्यांच्या दोन पिशव्या होत्या, आणि वासानं वैतागलेला विलास म्हणत होता की दातच बरा होता.

सोमवारी दोन्ही कांदे टेबलावर ठेवले आणि खोट्या दातापासून सगळं सांगितलं. वर्ग खूश. सुजातानं एकेक कांदा दाबून पाहिला. "पटलं, मॅडम. पण हे मामांनी बघितलं. आपण कधी बघायचं?"

म्हणून प्रयोगशाळेच्या मागं आता दोन वाफे आहेत, एक टणक कांद्यांचा, एक मोडवाल्यांचा. दोन्हींचं बी धरायचं, त्याचा कांदा काढून साठवायचा आणि कुठला टिकतो ते बघायचं, म्हणजे निकाल लागायला दोन वर्षं जातील. तोवर सुजाता कॉलेज सोडून गेलेली असेल. तिनं माझ्या वहीत घरचा पत्ता लिहून ठेवलाय आणि बजावलंय, दोन्ही सारखेच सडले तरी पत्र पाठवायचं.