रकियाची थोरली

रकिया माझ्या दवाखान्यासमोर चवळीची भजी तळायची. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक कडुनिंब आणि मी. मी नर्स, पण आमच्या गिदान तसामिया गावात जो सुई टोचतो तो डॉक्टर. ती गोबीरची, मी कात्सिनाचा, म्हणजे आमचं थट्टेचं नातं. एकमेकांना गुलाम म्हणायचं आणि कुणी रागवायचं नाही, अशी आमची पिढीजात रीत आहे.

"उठलास का गुलामा? मालकिणीची चूल पेटून तास झाला."

"तुझ्या भज्यांत चवळी कमी नि वाळू जास्त. गोबीरला वाळूच पिकते म्हणा."

"खा गुमान. पोटात दुखलं तर तुझंच औषध तुलाच टोचून घे."

रोज सकाळी हे असं. तिचा नवरा इस्साका बाजरीची कापणी झाली की दक्षिणेला समुद्राकाठच्या शहरात हमालीला जायचा, तो पेरणीला परत. घर सासूच्या, म्हणजे लाडीच्या, आणि रकियाच्या कढईच्या जोरावर चालायचं. तिला तीन मुलं. धाकटी दोन तिच्या मांडीवर नाहीतर पाठीवर. थोरली सारातू, पाच वर्षांची, लाडीकडे. एकाच आवारात, पण लाडीच्या झोपडीत.

पहिल्या लेकराची आईला लाज असते. आमच्यात आई त्याचं नाव घेत नाही, चारचौघांत त्याच्याकडे बघत नाही. सारातू पडून रडली तर रकिया तोंड फिरवून पीठ घोटत बसायची. बाहेरचे साहेब येतात आणि म्हणतात, या बायकांना माया नाही. त्यांच्या अकलेचं मला हसू येतं. कढईच्या काठावर एक भजं नेहमी वेगळं काढलेलं असायचं, सगळ्यांत कुरकुरीत. "हे नेऊन दे त्या पोरीला," ती मधलीला सांगायची. कोणती पोरगी, ते सांगावं लागत नसे.

शहाण्णव साली वाळवंटाकडचा कोरडा वारा लवकर सुटला आणि थांबलाच नाही. ओठ फुटले, नाकातून रक्त यायला लागलं. मेंदूज्वराचा जंतू आमच्यातल्या कितीतरी जणांच्या घशात असतो, एरवी काही करत नाही. धुळीनं घसा सोलला गेला की तो रक्तात उतरतो आणि मेंदूवरच्या पातळ आवरणाला जाऊन चिकटतो. सकाळी ताप, दुपारी ओकाऱ्या, संध्याकाळी मान लाकडासारखी. म्हणून आमचे लोक त्याला सांकाराऊ म्हणतात, आखडवणारा. पाठीच्या मणक्यातून सुईनं पाणी काढलं तर ते नितळ असायला हवं. त्या मार्चमध्ये मी काढलेलं पाणी पेजेसारखं गढूळ होतं.

मग मी पाणी काढणं सोडून दिलं. तेवढ्या सुया नव्हत्या. आलेल्याला तेलातल्या औषधाचं एक इंजेक्शन कमरेत द्यायचं आणि पुढच्याकडे वळायचं. दर सोमवारी आकडा जिल्ह्याला कळवायचा. आकडा ठराविक रेषेच्या वर गेला तरच लस यायची, आणि टोचल्यावरही ती अंगी लागायला आठवडा-दीड आठवडा जायचा. आमचा आकडा रेषेच्या कधीच वर गेला होता. लस वाटेत होती. मला त्या दिवसांत काही वाटत नव्हतं. आया रडत होत्या, मी त्यांच्या मागच्या माणसाला आत बोलावत होतो.

त्या गुरुवारी सकाळी मी भजी घ्यायला गेलो. रकियानं मला गुलाम म्हटलं नाही. कढईत बघत म्हणाली,

"शेजारणीची एक पोर आहे. पहाटेपासून अंग तापलंय. उजेड नको म्हणते."

"मग शेजारणीला सांग, घेऊन ये म्हणावं."

"शेजारीण लाजते."

"गोबीरच्या बायका लाजायला कधीपासून लागल्या?" मी म्हणालो. थट्टेचीच सवय. "लाज कढईत तळ म्हणावं आणि पोरीला आण. बाहेर तीस जण बसलेत, मी कुणाकुणाच्या घरी जाऊ?"

तिनं मान हलवली. भजी बांधून दिली. काठावरचं भजं तसंच होतं, कुणी नेलं नव्हतं. मी ते पाहिलं, पण माझ्या लक्षात काही आलं नाही.

दुपारच्या नमाजानंतर पाणी प्यायला बसलो तेव्हा डोक्यात उजेड पडला. रकियाच्या शेजारी एक म्हातारा चांभार राहतो, एकटा. त्याच्या घरात बाईच नाही. आणि लाडी मंगळवारी भावाच्या मयतीला बैलगाडीनं गेली होती, माझ्या डोळ्यांदेखत. म्हणजे पोरीला आणणारी, तिचं नाव घेणारी बाई गावात नव्हती. आमच्यातली आई आपल्या पहिल्या लेकराबद्दल दुसऱ्याचं म्हणूनच बोलते. मी याच मातीतला, माझ्या आईनंही मला जन्मात नावानं हाक मारली नाही. मला कळायला हवं होतं.

औषध घेऊन पळत गेलो. रकिया लाडीच्या झोपडीच्या उंबऱ्यावर बसली होती, पाठ आत करून. एक हात मागे गेलेला होता आणि त्या हातातलं ओलं फडकं पोरीच्या कपाळावर होतं. पोरीची मान मागे ताठलेली, डोळे अर्धवट. मी सुई टोचली तरी रडली नाही. वहीत लिहायचं म्हणून सवयीनं विचारलं,

"नाव काय?"

रकियानं जमिनीकडे पाहिलं. मला नाव ठाऊक होतं, मीच लिहिलं.

"सकाळीच स्पष्ट का नाही बोललीस?"

"बोलले होते," ती म्हणाली. एवढंच.

सारातू जगली. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, चौथ्या दिवशी पेज प्यायली. पाचव्या दिवशी सकाळी ती कडुनिंबाखाली बसून निंबोळ्या गोळा करत होती. लाडी परत आली होती, पण माझ्या खोलीत औषधाची वेळ विचारत होती. रकिया भिंतीला टेकून उभी होती. तिनं आजूबाजूला पाहिलं, पदराचं टोक तोंडाशी धरलं आणि हाक मारली.

"सारातू."

माझ्या हातातली बाटली तशीच राहिली.

पोरगी निंबोळ्या गोळा करत राहिली. रकियानं पुन्हा हाक मारली, मग मोठ्यानं, मग तोंडावरचा पदर काढून. मी पोरीच्या पाठीमागे जाऊन पत्र्याचा डबा वाजवला. ती वळली नाही. जंतू मेला होता, पण सूज कानात शिरून आपलं काम करून गेली होती. सकाळी टोचली असती तर कान वाचले असते का? कदाचित. मी रकियाला सांगितलं की नसतेच वाचले.

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा चुलीवर कढई ठेवली. त्यानंतर तिनं मला कधी गुलाम म्हटलं नाही. मीही नाही.

पुढच्या आठवड्यात लस आली, पुढे पाऊस आला आणि साथ थांबली. ती लस फार टिकायची नाही, साथी येतच राहिल्या. दोन हजार दहा साली टिकणारी नवी लस आली, एक ते एकोणतीस वयाच्या सगळ्यांना. घशातलाच जंतू हटवणारी. त्यानंतर तो जुना जंतू मी आमच्या गावात पाहिला नाही. बाजाराच्या मैदानात रांग लागली होती. सारातू एकोणीस वर्षांची, पाठीवर तिची स्वतःची पहिली मुलगी. कार्ड लिहिणाऱ्या पोऱ्यानं तिला दोनदा नाव विचारलं. मागून रकिया भरल्या रांगेत मोठ्यानं म्हणाली, "सारातू इस्साका. लिही." कुणी तिला हसलं नाही.

आमच्या गावात पहिल्या लेकराला नावानं हाक मारणारी आई एवढीच. मी आता निवृत्त झालोय, कडुनिंबाखाली बसतो आणि ते रोज ऐकतो. रकिया कढईपाशी बसून सारातूला मागून हाक मारते, थोडा वेळ वाट बघते, आणि मग उठून तिच्यासमोर जाऊन उभी राहते.