न ऐकणाऱ्या पेशी

वाशीमच्या कॉलेजात मी अकरावीला पेशी शिकवते. तंतुकणिका म्हणजे पेशीचं वीजघर, एवढं पोरांना पाठ असतं. बिघडलेल्या पेशीला मरायचा निरोपही बहुधा तिथूनच जातो, हे परीक्षेत येत नाही, तरी मी सांगते. आगाऊपणा, दुसरं काय!

थोरल्या बहिणीच्या स्तनात गाठ निघाली तेव्हाही तो आगाऊपणा सुटला नाही. रिठदला तिचा भाजीचा मळा. गाठ दुखत नव्हती, म्हणून वांग्यांचा तोडा संपेपर्यंत तिने कुणाला सांगितलंच नाही. मी तिच्यावर भयंकर चिडले, मग तिच्याच गळ्यात पडून रडले.

पहिल्या केमोआधी तिने विचारलं, "ह्या दवाईनं नेमकं होते काय?"

बांधावर बसून मी समजावलं. गाठीतल्या पेशी तो मरायचा निरोप दाबून टाकतात, औषधाने तो पुन्हा सुटावा अशी आशा असते.

"म्हंजे हट्टी हायेत," ती म्हणाली.

केस गेले. तोंड आतून सोलून निघालं. दुधात कुस्करलेली भाकरीही तिला गिळवेना.

काही महिन्यांनी अकोल्याला तपासणी झाली. शिकलेली म्हणून डॉक्टरांकडे मलाच आत पाठवलं. गाठ वाढली होती. दारातच भाऊजींना सांगितलं, तर ते म्हणाले, "तिले सांगू नोका काई."

ताई बाकावर बसली होती. मी हसून म्हणाले, "फरक हाये थोडा." मला माझीच किळस आली.

तिने पदराखालून डोक्यावर हात फिरवला. "केसाच्याबी पेशीच होत्या न?"

"हो."

"अन् तोंडातल्या?"

"हो."

"त्यायनं आयकलं. चांगल्या होत्या, त्यायनं लगेच आयकलं. फरक असता तं तू माह्याकडं पाह्यलं असतं."

मी तिच्या चपलांकडे बघत होते. मान वर होईना.

"कांद्याचं रोप तयार हाये," ती म्हणाली. "लावू का?"

कांदा हाती यायला चार महिने लागतात. मला 'लाव' म्हणता आलं नाही, 'नको' म्हणायची हिंमत झाली नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग भाऊजींकडे वळली.

"अवो, कांदा राहू द्या औंदा. मेथी टाका. महिन्यात निघते."