मास्तर पूल टाळतात

गाडी शिकवण्याच्या धंद्यात तेवीस वर्षं काढल्यावर मास्तरांचा माणसांवरचा विश्वास पार उडाला होता, आणि त्यांच्या मते या धंद्याला तीच पात्रता लागते. शिकाऊ माणूस 'उजवीकडे वळतो' म्हणाला की आपण डावीकडे बघायचं. 'मला जमतंय' म्हणाला की पाय ब्रेकवर न्यायचा. मास्तरांच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक होता, आणि त्या ब्रेकने आजवर असंख्य कुत्री, तीनचार सायकलवाले आणि एक पोलीस चौकी वाचवली होती.

झेरॉक्सचं दुकान आणि चष्म्याचं दुकान यांच्या मधल्या चिंचोळ्या खोलीत त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता, टेबलाला स्क्रूने घट्ट बसवलेलं एक जुनं स्टिअरिंग, आणि त्यामागे मास्तर. आवाज असा की गाडीच्या काचा बंद असल्या तरी बाहेरचे लोक बाजूला व्हायचे. शिकणाऱ्यांनी त्यांचं नाव 'भोंगा' ठेवलं होतं. मास्तरांना ते माहीत नव्हतं, एवढंच त्या लोकांचं नशीब.

त्या वर्षी त्यांच्याकडे एक निवृत्त नर्स शिकायला येऊ लागल्या. वय त्रेसष्ट. सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे, मास्तरही म्हणू लागले. सिस्टरच्या नवऱ्याला एका डोळ्याने दिसेनासं झालं होतं, पण गाडी तो दोन्ही डोळ्यांच्या रुबाबात चालवायचा. म्हणून सिस्टरनी या वयात स्टिअरिंग हातात घ्यायचं ठरवलं. त्या मास्तरांना अजिबात घाबरत नसत. ऑपरेशन थिएटरमध्ये याहून मोठ्याने ओरडणारे सर्जन त्यांनी चाळीस वर्षं पाहिले होते.

एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, सिस्टर नदीवरच्या पुलावरून गाडी नेत होत्या. रस्ता मोकळा, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, सगळं सरळ. बरोबर मध्यावर मास्तरांच्या छातीवर कुणीतरी ओलं पोतं टाकल्यासारखं झालं. बोटांना मुंग्या आल्या, कानात शिट्टी वाजायला लागली, आणि आपण आता मरणार, तेही 'शिकाऊ' पाटीच्या गाडीत, याची त्यांना पक्की खात्री पटली. त्यांनी खाडकन ब्रेक दाबला. मागचा दुधाचा टँकर जेमतेम थांबला आणि त्याच्या ड्रायव्हरने मास्तरांच्या घराण्याचा उद्धार सुरू केला.

सिस्टरनी हँडब्रेक ओढला आणि मास्तरांचं मनगट धरलं. "मास्तर, श्वास सोडा. घेऊ नका, आधी सोडा."

मग त्यांनीच गाडी हॉस्पिटलात नेली. वाटेत एक लाल सिग्नल तोडला, एका फुटपाथला चाटून गेल्या, पण पार्किंग मात्र पहिल्या झटक्यात सरळ केलं. मास्तरांना तशा अवस्थेतही ते दिसलं.

ईसीजी झाला, रक्त तपासलं. डॉक्टरबाई कागद बघत म्हणाल्या, "हृदय अगदी ठणठणीत आहे."

"मग मी मरत का होतो?"

"मरत नव्हता. याला पॅनिक अटॅक म्हणतात. धोका नसताना मेंदूने भोंगा वाजवला, बस."

सिस्टरना एकदम खोकला आला.

मास्तरांना हा सरळसरळ अपमान वाटला. हृदयविकार म्हणजे कसं, माणसाचा मान राहतो. लोक फळं घेऊन भेटायला येतात. हे काय, म्हणे मेंदूने भोंगा वाजवला. डॉक्टरबाईंनी एका समुपदेशकाचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. मास्तरांनी ती चिठ्ठी डॅशबोर्डच्या कप्प्यात, मुदत संपलेल्या इन्शुरन्सच्या कागदांखाली दडपली आणि घरी बायकोला 'ॲसिडिटी' सांगून मोकळे झाले.

त्यानंतर त्यांनी पूल टाळायला सुरुवात केली. आधी म्हणाले, पुलाचे सांधे ढिले झालेत. मग म्हणाले, तिथे धूर फार. पुढे कारण सांगायचंच सोडून दिलं. त्यांचे शिकाऊ नदीच्या अलीकडच्या गल्लीबोळांत इतके तरबेज झाले की मांजर अडेल तिथून गाडी काढायचे. अडचण एकच होती. लायसन्सच्या परीक्षेचं मैदान पुलापलीकडे होतं. मास्तरांनी पाठदुखीचं निमित्त करून आपले विद्यार्थी रस्त्यापलीकडच्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्याबरोबर परीक्षेला धाडायला सुरुवात केली. हा समोरचा म्हणजे पंधरा वर्षांचा प्रतिस्पर्धी. त्याला 'जरा माझी माणसं घेऊन जाता का' असं विचारणं मास्तरांच्या फार जिवावर आलं. समोरचा हो म्हणाला आणि एक शब्द जास्त बोलला नाही. तेच मास्तरांना जास्त लागलं.

सिस्टरनी दोन महिने हे पाहिलं. मग एका सकाळी त्यांनी तलावाकाठी गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं.

"मी थांबा म्हटलं नव्हतं," मास्तर म्हणाले.

"मी म्हटलंय. तुमचा फोन द्या."

"कशाला?"

"एक ग्रुप आहे इंटरनेटवर. 'टेकू' नावाचा. मनाने गडबडलेली माणसं तिथे बोलतात. मी दोन वर्षं आहे त्यात."

मास्तरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू त्यांनी चालत्या गाडीत रिव्हर्स टाकलाय. "तुम्ही? तुम्हाला काय झालं होतं?"

"रिटायर झाले आणि पलंगावरून उठणंच होईना. चाळीस वर्षं लोकांना उठवून बसवलं, आणि आपली पाळी आली तेव्हा एक मोजा घालून दुपारपर्यंत बसून राहायची. नवऱ्याला वाटलं आराम करतेय."

मास्तरांनी फोन खिशातून अर्धा बाहेर काढला. मग म्हणाले, "म्हणजे मी आता इंटरनेटवर जाऊन रडू?"

"रडा नाहीतर भांडा. तिथे दोन्हीची सोय आहे."

खरं नाव तिथे कुणीच लावत नाही, टोपणनाव घ्यावं लागतं, असं कळल्यावर मास्तरांचा अर्धा विरोध मावळला. त्यांनी 'हँडब्रेक' हे नाव घेतलं.

पुढचा आठवडाभर मास्तर दुपारचा डबा गाडीतच खायचे आणि एका हाताने फोन वाचायचे. आपल्याला या लोकांशी काही देणंघेणं नाही, फक्त बघतोय, असं ते स्वतःला सांगत. पण आयुष्यभर शेजारी बसून दुसऱ्याच्या चुका काढलेला माणूस नुसता बघत किती दिवस बसणार. 'अर्धा चमचा' नावाच्या एका बाईने लिहिलं होतं की ऑफिसच्या कँटीनमध्ये सगळे आपल्याकडे बघतात असं वाटतं, घास गिळवत नाही, म्हणून ती जिन्यात बसून जेवते. मास्तरांनी खाली ठोकून दिलं: "कोणी कोणाकडे बघत नाही. लोकांना समोरचा ट्रक दिसत नाही, तुमचा घास काय दिसणार. उठा आणि जा." झोप न येणाऱ्या एकाला त्यांनी रोज पाच किलोमीटर चालायला लावलं. तिसऱ्याचं शुद्धलेखन तपासलं.

ग्रुपची व्यवस्था 'पिवळी छत्री' नावाच्या बाई बघायच्या. त्यांनी मास्तरांना गोड शब्दांत कळवलं की इथे विचारल्याशिवाय सल्ला देत नाहीत, नियम क्रमांक चार. मास्तरांनी उत्तरादाखल आपल्या अनुभवावर दोन पानं लिहून पाठवली. पिवळ्या छत्रीने त्यांना दोन दिवस ग्रुपबाहेर बसवलं.

"मला काढलं," मास्तर सिस्टरना म्हणाले. त्यांचा चेहरा लायसन्स जप्त झालेल्या माणसासारखा झाला होता.

"दोनच दिवस ना? मला आठवडाभर काढलं होतं. मी एकीला गोळ्यांचा डोस सांगायला गेले होते. उजवा इंडिकेटर देऊ की सरळ जाऊ?"

त्या दोन दिवसांत मास्तरांच्या एक विचित्र गोष्ट लक्षात आली. ती अर्धा चमचा कँटीनमध्ये गेली की नाही, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. कोण कुठली बाई, तोंड पाहिलेलं नाही, आणि आपण भर चौकात एका शिकाऊला क्लच सोडायला सांगायचं विसरून तिच्या जेवणाची काळजी करतोय. तिसऱ्या दिवशी ग्रुपचं दार उघडताच त्यांनी तिला विचारलं, "गेलात का कँटीनमध्ये?"

थोड्या वेळाने उत्तर आलं. "दारापर्यंत. परत आले."

यावर जुन्या मास्तरांकडे म्हणायला खूप काही होतं. त्यांनी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. डब्यातलं जेवण गार झालं. शेवटी त्यांनी एवढंच लिहिलं, "मी पुलापर्यंत. परत आलो."

"कसला पूल?" तिने विचारलं.

मग मास्तरांनी सगळं सांगितलं. ओलं पोतं, टँकर, ॲसिडिटी, समोरचा स्कूलवाला. लिहिताना आपण हे एका अनोळखी बाईला सांगतोय याची लाज वाटत होती. पण पाठवल्यावर त्यांना तासभर डुलकी लागली. तशी झोप त्यांना दोन महिन्यांत आली नव्हती. उठून पाहतात तर खाली अकरा उत्तरं. एक जण उंच इमारतींना रंग द्यायचा, आता शिडीच्या तिसऱ्या पायरीवर घाम फुटायचा. एक दुकानातली बाई असा झटका आला की गोदामात जाऊन डबे मोजायची. कुणी हसलं नव्हतं. कुणी 'उठा आणि जा' म्हटलं नव्हतं.

"एकानेही उपाय सांगितला नाही," मास्तर दुसऱ्या दिवशी सिस्टरकडे कुरकुरले.

"तुम्ही विचारलात का?"

त्यांनी विचारलं. त्याबरोबर उपायांची रांग लागली. श्वास आधी सोडा. पूल एकदम नको, तुकड्यातुकड्याने घ्या. घरच्यांना सांगा. आणि पाच जणांनी लिहिलं, समुपदेशकाकडे जा. पिवळ्या छत्रीने खाली भर घातली, "आम्ही टेकू द्यायला आहोत. दुरुस्तीला ज्याला ते काम येतं त्याच्याकडे जा." मास्तरांना हे पटलं. गॅरेजचं काम रस्त्याच्या कडेला करू नये, हे ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे. त्यांनी कागदांखालची चिठ्ठी शोधून काढली.

घरी सांगणं मात्र त्याहून अवघड होतं. बायको पोस्टाच्या खिडकीवर काम करायची आणि तिला थापा तिकीट लावण्याआधीच ओळखू यायच्या. ती भाजी निवडत बसली होती. मास्तर दोनदा आत गेले, दोनदा बाहेर आले, मग उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

"तरीच," ती म्हणाली. "माझी आई पुलापलीकडे राहते. दोन महिने तुम्ही तिकडे जायला खालच्या बंधाऱ्यावरून तीन तासांचा वळसा घेताय. मला वाटलं, तुम्हाला माझी आई नकोशी झाली."

"तसं काही नाही."

"नकोशी तर ती आधीपासूनच आहे. पण आधी पाऊण तासात पोचायचो." तिने सुरी बाजूला ठेवली. "मला सांगायला काय झालं होतं, अहो?"

"तेवीस वर्षं लोकांना घाबरू नका म्हणून ओरडतोय. मीच घाबरतो हे कोणत्या तोंडाने सांगू?"

"आहे त्याच तोंडाने. दुसरं कुठून आणणार." आणि तिने त्यांचा हात धरून त्यांना शेजारी बसवलं. मग दोघं मिळून भाजी निवडू लागले.

समुपदेशक भला माणूस निघाला, पण स्वतःची गाडी तिरकी लावायचा, त्यामुळे पहिल्या दोन भेटी मास्तरांचा त्याच्यावर विश्वासच बसेना. दोघांनी मिळून कारण खूप शोधलं, हरवलेला चष्मा शोधावा तसं. सापडलं नाही. कारण सापडलं नाही तरी पूल ओलांडता येतो, असं समुपदेशक म्हणाला, आणि सराव सुरू झाला.

पुलावर दिव्यांचे चौतीस खांब होते. पहिल्या दिवशी मास्तर पायी तिसऱ्या खांबापर्यंत गेले आणि ग्रुपवर लिहिलं, "तीन." अर्ध्या चमच्याने लिहिलं, "कँटीनच्या कोपऱ्यात उभ्याने चहा." रोज असा हिशेब चालायचा. मास्तर एकोणिसाव्या खांबापर्यंत पोचले आणि दुसऱ्या दिवशी सहाव्यावरूनच धापा टाकत परतले. त्या दिवशी त्यांनी पुलाला उद्देशून जे लिहिलं, ते पिवळ्या छत्रीने पुसून टाकलं, पण त्यांना बाहेर बसवलं नाही.

सिस्टरची परीक्षा ठरली. सकाळी त्या गाडीत बसल्या आणि म्हणाल्या, "समोरच्यांना बोलावू का?"

"नको," मास्तर म्हणाले. "चला."

विसाव्या खांबाजवळ पोतं छातीवर येऊन पडलं. मुंग्या, शिट्टी, सगळं जसंच्या तसं. मास्तरांचा पाय आपोआप ब्रेककडे निघाला. तेव्हा त्यांनी तेवीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घालून बसले.

"मास्तर, हे काय?"

"गाडी तुम्ही चालवताय. रस्त्याकडे बघा."

ते श्वास सोडत राहिले, खांब मोजत राहिले. शर्ट भिजला. सिस्टरनी वेग कमी केला नाही की वाढवला नाही. पलीकडे उतरल्यावर मास्तर फुटपाथच्या कडेला बसले आणि फोनवर एकच शब्द लिहिला, "चौतीस." तासाभराने सिस्टर मैदानातून परत आल्या. रिव्हर्स घेताना खुणेचा दांडा पाडून त्या नापास झाल्या होत्या. नापास शिकाऊला मास्तर एरवी ज्या शब्दांत घ्यायचे, ते शब्द त्यांना त्या दिवशी आठवलेच नाहीत. "पुढच्या महिन्यात येऊ," ते म्हणाले. आणि परतीला पुन्हा तोच पूल आहे, हे त्यानंतर त्यांच्या लक्षात आलं.

सिस्टर दुसऱ्या खेपेला पास झाल्या. मास्तरांना अजूनही अधूनमधून झटका येतो. आवाज पूर्वीइतकाच मोठा आहे. फक्त आता स्कूलच्या भिंतीवर रस्त्याच्या खुणांच्या तक्त्याशेजारी एक कागद चिकटवलाय. त्यावर 'टेकू'चा पत्ता, आणि खाली मास्तरांच्या अक्षरात: 'सोबत हवी असेल तर इथे या. नाव सांगावं लागत नाही.'

गेल्या पंधरवड्यात समोरचा स्कूलवाला दुपारी दारात येऊन उभा राहिला. पंधरा वर्षांत तो उंबऱ्याच्या आत आला नव्हता. बराच वेळ तक्त्याकडे बघतोय असं दाखवत तो त्या कागदाकडे बघत राहिला.

"हे कशाचं आहे?" त्याने विचारलं. "माझ्या भावाला जरा त्रास होतोय. त्याच्यासाठी विचारतो."

"भावाला म्हणावं, आधी टोपणनाव ठरव," मास्तर म्हणाले. "आणि पहिले दोन दिवस कुणाला शहाणपण शिकवू नकोस."

समोरच्याने मान डोलावली. तो जायला वळला, पण गेला नाही.

"मला भाऊ नाही, मास्तर."

"माहीत आहे," मास्तर म्हणाले आणि टेबलाशेजारची खुर्ची ओढून पुढे केली. "बसा. चहा सांगतो."