कमुरत्यातली हडळ

पंडितच्या उजेडात सुरतेतल्या कितीतरी नवऱ्या मुली सुंदर दिसल्या, पण त्यातल्या एकीनेही कधी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहणार तरी कशाला? लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करताना कॅमेरा खांद्यावर घेणारा बाबा वेगळा असतो आणि त्याच्या मागे हॅलोजनचा दिवा उंच धरून, पायातली वायर सांभाळत, घामाने निथळत चालणारा वेगळा. पंडित हा दुसरा. एरवी लिंबायतमधल्या एका खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, तो रातपाळीला माग चालवायचा आणि लग्नसराई आली की दिनेशभाईंच्या व्हिडिओ स्टुडिओसाठी दिवा धरायचा. कॅमेऱ्याच्या काचेतून त्याने एकदाही पाहिलेलं नव्हतं. पण कॅमेरावाला कुठे चुकतो, हे मात्र तो घरी येऊन बायकोला दर वेळी सांगायचा.

शहाण्णव सालच्या डिसेंबरात त्याला हे शहाणपण सिद्ध करायची संधी मिळाली. डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणापर्यंत, म्हणजे आपल्या संक्रांतीपर्यंत, गुजराती माणूस लग्न लावत नाही. या दिवसांना तिकडे कमुरता म्हणतात. या कमुरत्यात दिनेशभाई आपल्या गावी निघाले आणि बंद दुकानात चोरी नको म्हणून दिव्यासकट कॅमेरा पंडितच्या घरी ठेवून गेले. वापरलास तरी चालेल, म्हणाले, पण पाडलास तर उत्तरायणानंतर मला तोंड दाखवू नकोस.

आता कॅमेरा घरात आल्यावर पंडितला झोप कुठली लागायला! गल्लीत भरतभाई नावाचा केबलवाला होता. आपल्या व्हीसीआरवर सिनेमे लावून तो लिंबायतभर दाखवायचा. टीव्हीवरच्या भुताच्या मालिकांनी त्या काळी लोकांना येडं केलं होतं, म्हणून भरतभाईने सहज म्हटलं की एखादी भुताची फिल्म काढ, लावतो मी रविवारी दुपारी. तो सहज म्हणाला आणि पंडितने ते काळजात धरलं. दिवा धरणारा पंडित फिल्म काढतो, हे अख्ख्या लिंबायतने पाहायला हवं होतं. वय चाळिशीकडे झुकलेलं, खात्यात कोणी नावाजत नाही, लग्नात कोणी जेवायला बसवत नाही. हौस म्हणा, भूक म्हणा, त्याला एवढंच हवं होतं.

गोष्ट त्याने मागासमोर उभ्या उभ्याच जुळवली. एक कामगार घरात एकटा आहे. दारावर थाप पडते. मोकळ्या केसांची एक बाई घोटभर पाणी मागते. कामगार तिच्या पायांकडे पाहतो तर पावलं उलटी. तो बोंब ठोकतो आणि गार पडतो. संपली फिल्म. हडळ पाणीच का मागते, रक्त का मागत नाही, असं त्याला कोणी विचारलं नाही आणि त्यानेही स्वतःला विचारलं नाही.

कामगार झाला दत्तू, खात्यातला त्याचा जोडीदार, अंगाने आडवा आणि स्वभावाने गरीब. दिवा धरायला शेजारच्या धुरपदाबाई आल्या. त्यांना कामं नव्हती अशातला भाग नाही, पण गल्लीत काहीही चाललं की मधोमध उभं राहायची त्यांना सवय होती. आणि हडळ म्हणून पंडितने आपल्या बायकोला, उषाबाईला, उभं केलं, कारण दुसऱ्या कोणाच्या बायकोला विचारायची त्याची हिंमत नव्हती.

उषाबाई सुरुवातीलाच अडली. नवरा जिवंत असताना मी पांढरं लुगडं नेसणार नाही, म्हणाली. मग खात्यातलं न धुतलेलं, न रंगवलेलं मळकट कापड आणलं. ते पांढरं नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. कुंकू पुसायला ती तयार होईना, तेव्हा केस कपाळावर ओढले. उलट्या पावलांचा शॉट वेगळा घ्यायचा आणि तेवढ्यापुरतं तिने पाठमोरं उभं राहायचं, ही अक्कल तिचीच. पण दिवा लागला आणि तिच्या गळ्यात काहीतरी लखकन चमकलं. तो टाक होता.

उषाबाई ही पंडितची दुसरी बायको. पहिली, शोभा, लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली. मेलेल्या सवतीने नव्या बायकोला त्रास देऊ नये म्हणून तिच्या नावाचा चांदीचा छोटा टाक दुसरीने गळ्यात घालायचा, नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं आणि मग आपण नेसायचं, अशी त्यांच्याकडची रीत. उषाबाईने अकरा वर्षं ती पाळली होती. बाकी त्या घरात शोभाचं नाव निघत नसे. ती दवाखान्यात वारली, एवढंच उषाबाईला माहीत होतं.

हडळीच्या गळ्यात टाक कसा चालेल? पंडितने तो काढायला सांगितला. धुरपदाबाईंनी दिवा खाली ठेवून सांगितलं की असलं करू नये. उषाबाईने टाक काढून देवांपाशी ठेवला.

शूटिंग रविवारी सकाळी दहाला, खिडकीला गोणपाट लावून. बाहेर मागांची खडखड आणि आत हडळ. कॅसेट एकच होती, त्यामुळे शॉट चुकला की ती मागे घ्यायची आणि त्यावरच पुन्हा घ्यायचा. सुरुवातीचे शॉट झाले, पावलांचा झाला, आणि शेवटच्या शॉटला घोडं अडलं. हडळ दारात येऊन घोटभर पाणी मागायची आणि दत्तू घाबरायच्या ऐवजी उठून माठाकडे चालू लागायचा. एकदा झालं, दोनदा झालं, पंडितने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तरी पुन्हा तेच. शेवटी तो ओरडला की अरे बाबा, हडळ आहे ती.

दत्तूने कपाळावरचा घाम पुसला. "हडळ शे, मान्य शे," तो म्हणाला. "पन ती पानी मांगी ऱ्हायनी ना भाऊ."

दारात बाईने पाणी मागितलं आणि बाप्या ओरडत सुटला, हे दत्तूच्या खानदेशी डोक्यात काही केल्या शिरेना. तेव्हा पंडितने कॅमेरा त्याच्या खांद्यावर दिला, बटण दाखवलं आणि घाबरायचं कसं ते दाखवायला स्वतः खाटेवर बसला.

पुढे काय झालं ते पंडितला नीट सांगता येत नाही, तेव्हाही आलं नाही. थाप पडली. केस चेहऱ्यावर घेतलेली बाई उंबऱ्यात उभी राहिली. घोटभर पानी दे, ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. बोंब मारायला त्याने तोंड उघडलं, हे त्याला आठवतं. त्यानंतर एकदम तिच्या हातातला रिकामा तांब्या आठवतो आणि आपले ओले हात. मधलं काही नाही.

मधलं त्याला दत्तूने सांगितलं. तो उठला, माठातून तांब्या भरला, दोन्ही हातांनी धरून तिच्या तोंडाला लावला आणि म्हणाला, "पे व शोभा. आते पे. आते तुले कोनी आडावत नही." आणि उषाबाई एका दमात सगळा तांब्या प्याली.

धुरपदाबाईंचा दिवा केव्हाच जमिनीकडे झुकला होता. त्यांच्या मते यात समजण्यासारखं काही उरलंच नव्हतं. टाक काढला, मोकळी झाली, आली आणि पाणी पिऊन गेली. गेली का नाही हाच काय तो प्रश्न, त्यासाठी नारळ फोडायला हवा. दत्तूच्या मते पंडितने असं काम केलं होतं की पडद्यावरच्या भल्याभल्यांना जमू नये.  पंडितने उषाबाईलाच विचारलं, तू एवढं पाणी का प्यालीस? तिने केस बांधले. "तहान लागेल व्हती," म्हणाली आणि स्वयंपाकाला लागली.

संध्याकाळी टाक तिच्या गळ्यात परत होता. काहीच झालं नसल्यासारखं तिने पंडितला वाढलं, मुलाला, चेतनला, अभ्यासाला बसवलं आणि साड्यांचे लोंबते धागे कापायचं आपलं घरबसल्याचं काम पुढे ओढलं. याने पंडित जास्तच गोंधळला. ती भांडली असती तर बरं झालं असतं, रडली असती तरी चाललं असतं. आपण खरंच शोभाला पाहिलं का? पाहिलं असेल तर ती आता कुठे आहे? की आपण बायकोलाच दुसऱ्या बायकोच्या नावाने पाणी पाजलं आणि आपल्याला त्याचा पत्ताही नाही? जेवताना तो उषाबाईच्या हाताकडे पाहत बसायचा, भाकरी ती थापते आहे की दुसरं कोणी. एकदा तिने ते पाहिलं आणि पीठ कमी पडलं का असं विचारलं. खात्यात त्याचे धागे तुटू लागले, मुकादमाच्या शिव्या बसल्या. भूत अंगात शिरतं हे त्याने ऐकलं होतं. डोक्यात शिरून असा घोळ घालतं हे कोणी सांगितलं नव्हतं.

आठवडा सरता सरता त्याने ठरवलं की तो शॉट पुसायचा. कॅसेट मागे घ्यायची, त्यावर दत्तूची एक बोंब भरायची आणि मोकळं व्हायचं. कपाटात हात घातला तर कॅमेरा होता, कॅसेट नव्हती. उषाबाई म्हणाली, भरतभाईकडे दिली, उद्या दुपारी लावतो म्हणाला. पंडित धावत गेला, पण भरतभाई दुकान बंद करून कुठल्याशा नातेवाइकाकडे कामरेजला गेला होता.

रविवारी दुपारी पंडितच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांच्या घरी टीव्ही होता तेही इकडेच आले, कारण हडळ प्रत्यक्ष शेजारी बसलेली पाहायची होती. फिल्म सुरू झाली. मागांची खडखड इतकी ऐकू येत होती की हडळही पाळीवर निघाली आहे असं वाटावं. मधून मधून पंडितचाच आवाज यायचा: अय, डावीकडे सरक. अय, केस घे तोंडावर. उलट्या पावलांना पोरं खदखदून हसली. कोणी घाबरलं नाही, तान्हं मूलसुद्धा नाही.

मग शेवटचा शॉट आला. खाटेवर पंडित, दारात बाई. तो उठला, तांब्या भरला, आणि त्याचा आवाज खोलीत स्वच्छ ऐकू आला. खोलीतच कशाला, लिंबायतमध्ये जिथे जिथे भरतभाईची वायर गेली होती तिथे तिथे ऐकू गेला. पंडितने आपला तसला आवाज आयुष्यात कधी ऐकला नव्हता. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. एका म्हातारीने टीव्हीला हात जोडले. कॅसेट संपली तसे लोक एकेक करून उठले आणि आपापल्या चपला शोधून निघून गेले; नारळाचं म्हणणाऱ्या धुरपदाबाईसुद्धा.

ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते झालं होतं. अख्ख्या लिंबायतने त्याला पाहिलं होतं, आणि आता कुठे तोंड लपवावं ते त्याला कळत नव्हतं.

चेतन खेळायला गेल्यावर त्याने उषाबाईला विचारलं, का दिलीस कॅसेट? ती खाली पाहून म्हणाली, "आपला घर व्हीसीआर नही. तुम्ही तिले काय म्हनात, ते मले परत ऐकनं व्हतं."

तेव्हा पंडित बोलला. शोभाच्या पोटात आतड्याला पीळ पडला होता. तालुक्याच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं आणि डॉक्टरांनी बजावलं की पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. रात्रभर ती पाणी मागत होती, तो रात्रभर नाही म्हणत होता, आणि उजाडायच्या आत ती गेली. डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं, त्याचंही नव्हतं. तरी त्या रात्रीनंतर त्याला तांब्याने पाणी पिता आलेलं नाही, तो ग्लास वापरतो. हे बोलताना त्याचं त्यालाच पहिल्यांदा लक्षात आलं. सांगताना त्याला रडू आलं आणि त्याने ते येऊ दिलं.

उषाबाईने सगळं ऐकून घेतलं. ती चिडेल, सवतीच्या नावाने बोटं मोडेल असं त्याला वाटत होतं. तसं काही झालं नाही. "बिचारी," ती म्हणाली. "तिना मले राग नही." मग हातातल्या साडीचे धागे कापू लागली आणि कात्री न थांबवता म्हणाली, "तिले तुम्ही नाव लीसन हाक मारी. मले काय म्हनतस तुम्ही?"

पंडितने आठवून पाहिलं. अय. चेतननी माय. घाई असली की नुसतं खाकरणं. टीव्हीवर आत्ताच ऐकलं होतं, अय, डावीकडे सरक. लग्नात नाव घेतलं असेल, पण तेही भटजीच्या मागून. बायकोला नावाने हाक मारायची पद्धत नाही, असं सांगायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं, कारण पद्धत तर शोभाच्या वेळीही नव्हती.

उषाबाई उठली, मोरीत गेली आणि त्याच्याकडे पाठ करून भांडी घासू लागली. पंडित खोलीच्या मध्यावर उभा राहिला. हडळीच्या फिल्ममध्ये सगळ्यांना वाक्यं पढवणाऱ्या माणसाला एक शब्द जड झाला होता. शेवटी त्याने तो उच्चारला. "उषा."

ती घासत राहिली. ऐकू गेलं नाही की काय त्याला समजेना. घसा साफ करून त्याने पुन्हा, जरा मोठ्याने, म्हटलं, "उषा."

या वेळी तिचे हात थांबले. तिने ताटली खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि दाराकडे पाहिलं, आपल्याला बोलवायला कोण आलं आहे ते.