बोटभर ढील

बाजारहत्नूरच्या आमच्या मळ्यात विहिरीजवळ एक लिंबोणी आहे. तिच्या खोडाला खालच्या बाजूला गोल खाच आहे, अजूनही बुजलेली नाही. ते माझं काम.

तेव्हा मी चौथीत होते. रोप वाऱ्यानं कलायचं, म्हणून बाबांनी शेजारी काठी रोवली होती. बाबा रोप नेहमी जुन्या लुगड्याच्या पट्टीनं बांधायचे आणि गाठीत बोट घालून बघायचे. एकदा ती पट्टी सुटली. मी कुणाला न विचारता निळी नायलॉनची दोरी घेतली आणि करकचून आवळली. रोप पडलं नाही. पण दीड-दोन वर्षांनी पानं पिवळी पडली, तेव्हा बाबांना खोडात रुतलेली दोरी सापडली. ब्लेडनं ती हळूहळू कापत ते एवढंच म्हणाले, "झाड वाढते न माय. दोरी थोडीच वाढते?"

हे मला कॉलेजच्या प्रयोगशाळेत आठवलं. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, वर्गात तोंड उघडायला घाबरायचे. आमच्या मॅडम हृदयाच्या उजव्या बाजूचा अभ्यास करतात. उंदराच्या पिल्लाला भूल देऊन, फुप्फुसाकडे रक्त नेणाऱ्या त्याच्या धमनीभोवती त्या बारीक कडी बसवतात.

"आज ही सैल आहे. मग काही आठवड्यांनी हृदय का थकेल?" त्यांनी विचारलं.



"पिल्लू वाढतं, कडी वाढत नाही," मी म्हणाले, आणि स्वतःच्याच आवाजानं दचकले. त्यानंतर मॅडमनी मला मदतीला घेतलं.

घरी मात्र मी 'उंदरांवर अभ्यास' एवढंच सांगायचे. रोपाची गाठसुद्धा बोट घालून बघणाऱ्या माणसाच्या मनातून मी उतरले तर?

या दिवाळीत मेथीच्या जुड्या बांधता बांधता बाबांनीच विचारलं, "नेमकं काय करून राह्यली व तू तिथं?"

मी कडीचं सांगितलं.

"म्हंजे आपल्या लिंबोणीवानी?"

"हो."

"काऊन पण?"

"मानसाले बी तशी बिमारी होते, बाबा. पाय सुजते, पोट फुगते. त्याच्यावर औषध पाह्यजे."

"अन् कडी काढता का नाई मंग?"

"काई उंदरांची काढतो. हृदय सावरते का, ते पाहाले." इथंच थांबता आलं असतं. "पन शेवटी सारेच मारा लागते. भूल देऊनच."

बाबांनी तीन जुड्या बांधल्या. मग उठून यंदा लावलेल्या शेवग्याच्या रोपाशी गेले. मीही मागोमाग गेले. त्यांनी लुगड्याची पट्टी माझ्या हातात दिली.

"बांध."

मी बांधली. त्यांनी गाठीत बोट घालून बघितलं. बोट सहज फिरलं. ते परत मेथीकडे गेले आणि माझ्यासाठी बाजूला जागा केली.