कच्च्या पाढ्यांच्या बाई

आमच्या शाळेवर आजवर जेवढे गुरुजी आणि बाया आल्या, त्यांत सगळ्यात चक्रम कोण असं विचारलं, तर गावातलं शेंबडं पोरसुद्धा कच्च्या पाढ्यांच्या बाईंकडंच बोट दाखवील, आणि दाखवताना हसेल. आमचं गाव पिंपळगाव रेणुकाईच्या पुढं. तिथल्या शाळेत मी पोरांची खिचडी शिजवते. चूल वर्गाच्या खिडकीला लागून, त्यामुळं मला सगळं ऐकू येतं, आणि मी कुणाशी बोलत नाही म्हणून मी ऐकते हे कुणाच्या ध्यानात येत नाही. बाई मूळच्या जालन्याच्या, तिथल्या मस्तगड भागात वाढलेल्या. भोकरदनहून स्कूटीवर यायच्या. पहिल्याच दिवशी फळ्याला खडू न लावता त्यांनी पोरांना एकच गोष्ट विचारली, तुमच्या घरून शाळेला कसं यायचं ते मला सांगा. सांजेला गावभर झालं की नवी बाई आत्ताच त्या रस्त्यानं आली आणि तिला रस्ता म्हाईत न्हाई.

पण बाईंचा त्यात डाव होता. एक पोरगं म्हणालं, गिरणीचा आवाज आला की वळायचं, मंग टाळ ऐकू आले की सरळ. बाई म्हणाल्या, हा कानाचा. एका पोरीनं बोटानं धुळीत अख्खं गाव काढून दाखवलं, ती डोळ्यांची. एकानं खडे मांडून घरं केली, तो हातांचा. आणि एक पठ्ठ्या ‘चला, दाखवतो’ म्हणून उठला तो थेट घरीच गेला आणि आईनं भाकरी दिली तशी खात बसला, तो पायांचा. जगात माणसं या चारच तऱ्हांची, असं बाईंचं ठाम मत. ज्याला जिकडून शिरतं त्याला तिकडूनच शिकवायचं, दार सोडून भिंतीला धडका मारायच्या नाहीत, असं त्या म्हणायच्या. मोठ्या माणसांनाही सोडत नसत. एकदा मला म्हणाल्या, “आमचे हे हातांचे. तोंडानं सांगून बिलकुल भाजी येत नाही, पिशवी हातात द्यावी लागते.” मला त्यांनी डोळ्यांची ठरवलं, कारण मी नुसतीच बघते.

मग शाळेची जी दशा झाली ती सांगता सोय नाही. पायांची पोरं पारावरून उड्या मारत पाढे म्हणायची, एक उडी चुकली की सगळा पाढा पहिल्यापासून. कानांची पोरं हापशाच्या तालावर कविता म्हणायची, त्यामुळं कविता पाठ होईपर्यंत बायकांना पाणी भरता येईना. हातांच्या पोरांना अपूर्णांक शिकवायला बाई माझ्या चुलीपासची मापं घेऊन जात आणि खिचडी तेवढी पाव, अर्धी, पाऊण अशी शिजायची. एक बाप तक्रार घेऊन आला. म्हणाला, “बाई, पोरगं म्हणतंय मी पायांचा हाय, मह्याकडून बसून अभ्यास व्हत न्हाई. घरात टिकूनच न्हाई राह्यलं.” बाईंनी शांतपणे सांगितलं, “बराबर आहे त्याचं. त्याला मिरचीला पाणी द्यायला न्या, प्रत्येक वाफ्याला एक शब्द लिहायला सांगा चिखलात.” चार दिवस चिखलात उभं राहून पाण्याचे बारे धरल्यावर ते पोरगं आपणहून येऊन म्हणालं, बाई, मी आता डोळ्यांचा झालो.

या सगळ्यात एकच पोर कुठंच बसेना, आणि ती नेमकी माझी. राणी तिसरीला होती. बाईंनी तिला उड्या मारायला लावल्या, हापशावर बसवलं, चिंचोके मांडायला दिले, भिंतीवर रंगीत पाढे काढून दिले. पाढा विचारला की राणी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायची. बोलायला मात्र कमी नव्हती. शेळीशी भांडायची, चुलीशी भांडायची, मीठ जास्त पडलं तर मिठाशी भांडायची. आमच्या मालकांनी, म्हणजे राणीच्या बापानं, सांगून टाकलं होतं, “दिवाळीपर्यंत बघतो. पाढेच येत न्हाईत तर फुकट शाळा कशाला? शेळ्या घेऊ, त्या सांभाळंल.” मला चौथीनंतर असंच घरी बसवलं होतं. मालकांपुढं माझं तोंड उघडेना. बाईंपाशी जाऊन उभी राहिले तर तिथंही उघडेना. बाईंनी विचारलं, खिचडी करपली का? मी नाही म्हणून मान हलवली. मग कशीबशी शेळ्यांची गोष्ट सांगितली. बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पोरं जेवायला बसली. आठ-आठ पोरांच्या सात रांगा. बाई त्या दिवशी खरोखरच चुकल्या. सात आठे चोपन्न, असं म्हणून त्यांनी मला चोपन्न ताटं काढायला सांगितली. शेवटच्या रांगेतून राणी कडाडली, “चोपन्न कुठून आणले बाई? दोघांला उपाशी ठिवता का? सात आठे छप्पन.” मी हातातला डाव तसाच धरून उभी. विचारलं की येत नव्हतं, आणि दुसऱ्याचं चुकलं की येत होतं. बाई तर अशा बघत होत्या की जणू हंड्यात मोहरा सापडल्या. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “चारांतली कुठलीच नाही हो ही. ही भांडणाची आहे.”

दुसऱ्या दिवसापासून बाई रोज चुकायला लागल्या. आणि कशा चुकायच्या! सहा नवे पंचावन्न म्हणायच्या आणि वर हट्ट धरायच्या, आमच्या जालन्यात पंचावन्नच असतात. “मंग जालन्याचं चुकलं,” असं म्हणून राणी चिंचोके घेऊन फरशीवर बसायची, सहा-सहाचे नऊ ढीग घालायची आणि विचारायची, आता मान्य का? बाई बराच वेळ ढिगांकडं बघून मान्य करायच्या. घरी आली की राणी माझ्या भाकरीपाशी बसून पुढचा पाढा घोकायची, कारण उद्या बाई त्यात अडकणार याची तिला खात्री असायची. “कशी बाई ठिवली गं शाळेनं,” असं मलाच विचारायची.

दिवाळीच्या तोंडावर तालुक्याहून साहेब तपासणीला आले. पालकांनाही बोलावलं होतं. आमचे मालक दारात उभे होते, निकाल ऐकायलाच आल्यासारखे. साहेबांनी नेमकं राणीला उठवलं. बारा आठे किती? राणीचा अंगठा जमीन उकरायला लागला. साहेबांनी परत विचारलं. मालकांनी माझ्याकडं बघून मान डोलवली, म्हणजे शेळ्या आल्याच. तेवढ्यात बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, “सोपं आहे की साहेब. बारा आठे ब्याण्णव.”

साहेबांचा पेन थांबला. मोठे गुरुजी खाली बघायला लागले. आणि राणी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, “परत चुकलात? कालच सांगितलं ना तुम्हाला. शहाण्णव. बारा नवे एकशे आठ, बारा दाहे एकशे वीस. आता तेराचा म्हणू का, त्यातबी तुम्ही अडकता.” आणि तिनं म्हणूनच दाखवला, बाईंना दरडावत. साहेब पोरीकडं नाही, बाईंकडं बघत होते. म्हणाले, पोरीला येतं आणि तुम्हाला येत नाही? बाई म्हणाल्या, “माझे कच्चेच आहेत साहेब. राणी सुधारून घेते.” सगळे हसले. साहेबांनी तसा शेरा लिहिला. मला खिडकीतून ओरडून सांगावंसं वाटत होतं. बाईंना ते दिसलं असावं. पाणी प्यायचं निमित्त करून त्या चुलीपाशी आल्या. “बोलायचं नाही. तिला कळलं की भांडण संपलं,” एवढंच म्हणाल्या, आणि पाणी न पिताच परत गेल्या.

मालक त्यानंतर पारावर बसले की, मह्या पोरीनं बाईला पाढे शिकवले, असंच सांगत. शेळ्या घरात आल्या नाहीत. बाईंची बदली परतूरकडं झाली तेव्हा निरोपाच्या दिवशी गावकऱ्यांनी साडीसोबत त्यांना एक अंकलिपी दिली. सगळे पोट धरून हसले. बाईंनी ती कपाळाला लावली आणि पर्समध्ये ठेवली. राणी स्कूटीला धरून उभी होती. तिनं विचारलं, तिकडं तुमच्याशी भांडायला कुणी हाय का? बाईंनी पर्समधून अंकलिपी काढली आणि तिच्यावर माझा फोन नंबर लिहून घेतला.

राणी आता सहावीला आहे. परतूरहून कधीमधी माझ्या फोनवर फोन येतो. बाई माझी खुशाली विचारतात आणि म्हणतात, राणीला द्या हो, सतराच्या पाढ्यात अडकलेय. मी फोन देते आणि ओट्यावर येऊन बसते. आतून पोरीचा आवाज चढलेला ऐकू येतो. परवा फोन ठेवून ती माझ्याशेजारी येऊन बसली. मी विचारलं, बाई अजून तशाच का गं? ती हळूच म्हणाली, “त्यांला सगळे पाढे येतात आई. मला कवाच कळलं. पण तू सांगू नको. मला कळलंय हे समजलं तर फोन करायच्या न्हाईत त्या.”